थंडीत न उठणाऱ्या डिझेल गाडीचे निदान : पिंपळगाव बसवंतच्या एका ऑटो इलेक्ट्रिक गॅरेजचे परीक्षण

पिंपळगाव बसवंत येथे मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडला लागून एक लहानसे ऑटो इलेक्ट्रिक गॅरेज आहे. थंडीच्या सकाळी सुरू व्हायला त्रास देणाऱ्या डिझेल गाड्यांचे निदान ही तिथली खासियत, आणि गेल्या जानेवारीत मी माझी गाडी नेमक्या त्याच कामासाठी तिथे दिली होती. निकाल आधीच सांगून टाकतो. ज्यांना गाडी सकाळी देऊन संध्याकाळी धुऊन-पुसून परत हवी असते, त्यांनी तिथे जाऊ नये; मात्र ज्यांच्या गाडीचे एकामागून एक सुटे भाग बदलून झाले आहेत आणि तरीही पहाटेचा पहिला सेल्फ लागता लागत नाही, त्यांच्यासाठी नाशिक जिल्ह्यात याहून चांगली जागा माझ्या तरी पाहण्यात नाही.

फलकावर ‘ऑटो इलेक्ट्रिक’ एवढीच अक्षरे आहेत आणि मालकांना सगळी गिऱ्हाइके नाना म्हणतात. थंडीच्या दिवसांत आधीच रांग लागते, त्यात आणखी प्रसिद्धी नको, असे त्यांचे म्हणणे असल्यामुळे यापेक्षा अधिक खूण देत नाही. गावात कोणत्याही डिझेल गाडीवाल्याला विचारले तर तो बोट दाखवील.

निफाड तालुक्याच्या थंडीबद्दल वेगळे सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमानाच्या नोंदी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तर तिथे पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा रात्री द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवल्या जातात आणि सकाळी अंगणात उभ्या असलेल्या डिझेल गाड्यांचे सेल्फ रडत असतात. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो, त्यामुळे ते थोडी कुरकुर करून का होईना, पेट घेते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा १६ ते १८ पट दाबली गेल्यामुळे जी उष्णता तयार होते, तिच्यावरच सारा खेळ असतो. रात्रभर गारठलेले सिलिंडर ही उष्णता शोषून घेतात, ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन जड फिरते, आणि ज्या बॅटरीने ते फिरवायचे तिची ताकदही शून्य अंशांच्या आसपास सुमारे एक तृतीयांशाने घटलेली असते. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो, आणि एरवी वर्षभर लपून राहिलेला लहानसा दोष त्या एका क्षणी उघडा पडतो. या प्रकारच्या तक्रारीचे निदान अवघड असते ते यामुळेच: गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गरम झालेली असते आणि गरम गाडीत दोष दिसतच नाही.

माझी गाडी २०१४ सालची, सव्वा लिटरच्या चार सिलिंडरी कॉमन रेल डिझेल इंजिनाची सेडान आहे; म्हणजे पंप डिझेल ‘रेल’ नावाच्या एका सामाईक नळीत मोठ्या दाबाने साठवतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरांत फवारतात. दिवाळीनंतर सकाळचा पहिला सेल्फ लांबायला लागला, डिसेंबरात तो आणखी लांबला, आणि सुरू झाल्यावर अर्धा-पाऊण मिनिट इंजिन थरथरत राही व मागून पांढरा धूर निघे. दुपारी मात्र किल्ली फिरवताच गाडी सुरू. एका ठिकाणी बॅटरी बदलून मिळाली, दोन-चार दिवस बरे वाटले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) लावला गेला, एकही फॉल्ट कोड (संगणकाने नोंदलेल्या दोषाचा क्रमांक) आढळला नाही, आणि त्यावरून इंजेक्टर गेले असावेत असा निष्कर्ष काढून पस्तीस-चाळीस हजारांचा अंदाज हातात ठेवण्यात आला. कोड नाही म्हणून इंजेक्टर, हा तर्क मला तेव्हाही कळला नव्हता.

नानांकडे गाडी नेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की ते बॉनेट उघडत नाहीत. ते शाळेच्या दुरेघी वहीत गाडीचा क्रमांक लिहितात आणि प्रश्न विचारू लागतात. सेल्फ जोमाने फिरतो आणि तरी गाडी पेट घेत नाही, की मुळात सेल्फच दमलेला वाटतो? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आणि आला तर त्याला कच्च्या डिझेलचा वास आहे का? गाडी रात्री उतारावर तोंड करून लावली तर फरक पडतो का? उन्हाळ्यातही चार दिवस उभी राहिल्यावर असेच होते, की फक्त थंडीतच? सुरू झाल्यावर थरथर लगेच थांबते की इंजिन गरम होईपर्यंत चालते?

या प्रश्नांमागचा हिशेब नंतर समजला आणि तो इथे देण्यासारखा आहे, कारण मिस्तरी कोणताही असो, गिऱ्हाइकाने ही उत्तरे घेऊन जाणे फायद्याचे ठरते. सेल्फ फिरताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचते आहे पण जळत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते आहे. हीटर प्लग (थंड सिलिंडर आतून तापवणारी विजेची कांडी), सेल्फचा वेग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे) यांपैकी काहीतरी बघायचे. धूर अजिबात नसेल, तर डिझेलच आत जात नाही. तिथे फिल्टर, पंप, रेलचा दाब किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणारा) यांचा शोध घ्यावा लागतो. थंडी नसतानाही नुसते उभे राहिल्यावर त्रास होत असेल आणि उतार-चढावाने तो कमी-जास्त होत असेल, तर फिल्टरच्या एखाद्या रबरी रिंगमधून हवा आत शिरून पाइपातले डिझेल रात्रीतून टाकीकडे परत जात असण्याची शक्यता मोठी. माझी उत्तरे ऐकून नाना एवढेच म्हणाले, “सेल्फ दमतोय आणि धूरही येतोय, म्हणजे दोन भांडणं एकत्र असतील. भाऊ, गाडी रात्री इथंच लावा. किल्ली माझ्याकडं द्या आणि सकाळी सातच्या आत या.”

रात्री गाडी ठेवून जाणे ही त्यांची अट आहे आणि तिच्यात सवलत नाही. गॅरेजला मागे पत्र्याचे छप्पर असलेली मोकळी जागा आहे, तीन बाजूंनी उघडी, म्हणजे गाडी घराच्या पार्किंगपेक्षाही जास्त गारठते. गिऱ्हाइकाने सकाळी स्वतः हजर राहावे, असा त्यांचा आग्रह असतो. पहिला सेल्फ दिवसातून एकदाच मिळतो, तो वाया गेला की पुढचे चोवीस तास थांबावे लागते. म्हणून सगळी जोडणी आधी पूर्ण करायची आणि मगच किल्ली फिरवायची, ही त्यांची पद्धत आहे. मी पाहिलेल्या अन्य कोणत्याही गॅरेजमध्ये ही शिस्त नव्हती.

त्या सकाळी छपराखालच्या थर्मामीटरवर ९ अंश होते. त्यांनी स्कॅनर जोडला, पण कोड वाचण्यासाठी नव्हे. इंजिनाच्या पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान गाडीचा संगणक काय समजतो, हे आधी पाहिले. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे बाहेरच्या हवेशी दोन-तीन अंशांच्या फरकाने जुळले पाहिजेत. पाण्याचा सेन्सर बिघडून बाहेर ९ अंश असताना ४० दाखवू लागला, तर संगणक हीटर प्लग जेमतेम तापवतो आणि थंडीसाठी लागणारे जादा डिझेलही देत नाही, आणि याबद्दल फॉल्ट कोड येईलच असे नाही, कारण ४० अंश हा आकडा त्याच्या दृष्टीने अशक्य नसतो. माझ्या गाडीत पाणी ९ आणि हवा १० अंश होती. एक शक्यता वहीत खोडली गेली.

पुढे बॅटरी. उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. बहुतेक ठिकाणी बॅटरीची तपासणी इथे संपते. नानांनी मात्र दोन मीटर लावले: एक बॅटरीच्या दोन पोलांवर आणि दुसरा बॅटरीचा वजा पोल व इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये. दुसरा मीटर कशासाठी, हे मी विचारले तेव्हा त्यांनी ‘आता बघा’ एवढेच उत्तर दिले. मग प्रवाह मोजणारा क्लॅम्प हीटर प्लगच्या मुख्य वायरीभोवती अडकवला, स्कॅनरवर सेल्फचे फेरे आणि रेलचा दाब हे दोन आकडे समोर आणले, आणि किल्ली फक्त दुसऱ्या खाचेपर्यंत फिरवायला सांगितली.

डॅशबोर्डवर हीटरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा लागला आणि नेहमीप्रमाणे थोड्या वेळाने विझला. हा दिवा विझला की प्लग तापले, अशी आपली सर्वांची समजूत असते. वास्तविक हा दिवा संगणकाच्या वेळापत्रकावर चालतो; तापमान पाहून इतके सेकंद थांबायचे, एवढेच तो सांगतो. प्लग जिवंत आहेत की मेलेले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. क्लॅम्पने खरे काय ते सांगितले: चार प्लग मिळून सुरुवातीला ५० अँपिअरच्या आसपास प्रवाह घ्यायला हवा होता, तिथे काटा जेमतेम निम्म्यावर थांबला. चांगल्या प्लगचे टोक काही सेकंदांत लालबुंद होऊन ८०० अंशांच्या पलीकडे जाते. आमच्याकडे चारपैकी दोनच प्लग तापत होते.

मग त्यांनी सेल्फ मारायला सांगितला. सेल्फ तसाच रडत फिरला, बॅटरीच्या पोलांवर मीटर १०.४ व्होल्टपर्यंत उतरला, आणि हे ठीक होते, कारण सेल्फ मारताना चांगली बॅटरी साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये असा संकेत आहे. मात्र दुसऱ्या मीटरवर, जिथे जवळपास शून्य दिसायला हवे, तिथे १.२ व्होल्ट उभे होते. म्हणजे बॅटरी देत होती त्यातले १.२ व्होल्ट इंजिनापासून बॅटरीपर्यंत परत येणाऱ्या अर्थिंगच्या रस्त्यातच खर्च होत होते आणि सेल्फच्या वाट्याला त्यामानाने उपासमार येत होती. हा आकडा ०.२ च्या आसपास असावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की वायर किंवा जोड खराब आहे असे समजावे. स्कॅनरवर इंजिन मिनिटाला १४०-१५० फेऱ्यांनी फिरताना दिसत होते. रेलचा दाब मात्र बघता बघता २५० बारच्या वर गेला.

या शेवटच्या आकड्याने माझे पस्तीस हजार वाचवले. इंजेक्टर जास्त गळत असते किंवा पंप थकलेला असता, तर इतक्या सावकाश फिरणाऱ्या सेल्फवर रेलमध्ये दाब साठलाच नसता. पाइपात हवा असती तरीही नसता. डिझेल थंडीने घट्ट झाले असण्याची शंकाही इथेच निकालात निघाली. ही शंका आपल्याकडे दर हिवाळ्यात कोणीतरी काढतोच. लडाखच्या थंडीसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणले, कारण तिथे साधे डिझेल खरोखरच मेणासारखे गोठते. पिंपळगावच्या ९ अंशांवर, तेही रेलमध्ये पुरेसा दाब दिसत असताना, डिझेलवर आळ घेण्याला अर्थ नव्हता.

कॉम्प्रेशनबद्दल मी थोडा साशंक होतो. गाडी बरीच पळालेली आहे आणि पांढरा धूर म्हटला की पिस्टनच्या रिंगा झिजल्याची भीती मनात येतेच. नानांनी प्लग किंवा इंजेक्टर काढून गेज लावण्याऐवजी एक वेगळी तपासणी केली. सेल्फच्या जाड वायरीवर मोठा क्लॅम्प लावून तो एका लहान ऑसिलोस्कोपला, म्हणजे प्रवाहाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राला, जोडला, इंजेक्टरांची जोडणी काढून गाडी सुरू होणार नाही अशी व्यवस्था केली आणि सेल्फ फिरवला. प्रत्येक सिलिंडर हवा दाबतो तेव्हा सेल्फला जोर लावावा लागतो आणि प्रवाहाचा आलेख वर उठतो. चार सिलिंडरांची चार शिखरे जवळपास एका उंचीची होती. एखादे शिखर बुटके निघाले असते, तर त्या सिलिंडरमध्ये झीज आहे हे कळले असते. या पद्धतीने सिलिंडरांची आपसांतली तुलना होते, प्रत्यक्ष दाब किती हे कळत नाही, त्यामुळे चारही सारखेच झिजले असतील तर ती फसू शकते. हे मी त्यांना विचारले आणि त्यांनी ते मान्यही केले. दुपारी इंजिन गरम असताना ते इतके सहज कसे उठते, हा त्यांचा उलट प्रश्न मला पुरेसा वाटला. तरीही तीन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीसाठी मी प्रत्यक्ष गेजचा आग्रह धरीन.

यानंतरची पायरी मला सर्वांत आवडली. दोन दोष समोर असताना त्यांनी दोन्ही एकदम दुरुस्त करायला नकार दिला. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची पट्टी काढली, तेव्हा वरून ती धड दिसत होती, पण बोल्टखालची चकती हिरवट पांढऱ्या गंजाने भरलेली होती आणि निम्म्या तारा आतल्या आत तुटल्या होत्या. बाग फवारणीच्या औषधांनी आणि चिखलाने हे होते, असे नानांचे मत. नवी पट्टी टाकली, चॅसिसवरचा रंग खरवडून धातू उघडा केला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावले, आणि गाडी आणखी एक रात्र ठेवून घेतली. दुसऱ्या सकाळी अर्थिंगच्या मीटरवर ०.१५ व्होल्ट, सेल्फचे फेरे दोनशेच्या वर, आणि गाडी बऱ्याच लवकर सुरू झाली. थरथर आणि धूर मात्र तसाच. म्हणजे सेल्फचा दम ही अर्थिंगची करामत होती आणि थरथर ही मेलेल्या प्लगांची. बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावरही संगणक प्लगांना काही काळ तापवत ठेवतो, जेणेकरून थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळावे; दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरला ती ऊब मिळत नव्हती, म्हणून तेवढा वेळ इंजिन दोन पायांवर चालत होते. नवी बॅटरी टाकल्यावर काही दिवस बरे का वाटले, याचाही उलगडा झाला: ताज्या बॅटरीने खराब अर्थिंगमधूनही जास्त जोर रेटला, एवढेच.

फॉल्ट कोड का आला नाही, हेही समजून घेण्यासारखे आहे. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र नजर असते आणि पहिल्या ते चौथ्या सिलिंडरसाठी पी ०६७१ ते पी ०६७४ असे कोड येतात. जुन्या रचनेत अनेकदा संपूर्ण सर्किटवर मिळून लक्ष असते. दोन प्लग गेले तरी उरलेल्या दोघांतून प्रवाह वाहत असतो आणि संगणकाला सारे आलबेल वाटते. ऑनलाइन हजार-बाराशे रुपयांत मिळणारे ईएलएम ३२७ जातीचे ब्लूटूथ स्कॅनर अनेकांनी घेतलेले असतात. पाण्याचे तापमान, सेल्फचे फेरे आणि काही गाड्यांत रेलचा दाब पाहायला ते उपयोगी पडतात. परंतु त्यांच्यावर ‘नो फॉल्ट’ आले म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. थंडीच्या तक्रारीसाठी स्कॅनरपेक्षा साधा मल्टिमीटर आणि डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प अधिक बोलका ठरतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

प्लग काढणे हे जोखमीचे काम आहे आणि इथेही नानांनी घाई केली नाही. वर्षानुवर्षे काजळीत रुतलेला प्लग थंड इंजिनात जोर लावून फिरवला की तुटतो, आणि तुटलेले टोक काढण्यासाठी कधीकधी इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवावे लागते. त्यांनी आदल्या दिवशीच प्लगांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडले, गाडी फिरवून इंजिन गरम केले आणि टॉर्क पान्याने हलक्या हाताने मागे-पुढे करत चारही प्लग काढले. गेलेल्या दोघांवर मीटरने काहीच दाखवले नाही, म्हणजे आतली तार तुटलेली; चांगल्या दोघांचा रोध एक ओहमच्याही खाली होता. त्यांनी चारही बदलण्याचा सल्ला दिला आणि मी तो मानला, कारण उरलेले दोन त्याच वयाचे होते. प्लग थेट बॅटरीला लावून लाल होतो का ते बघण्याची जुनी पद्धत ते वापरत नाहीत. काही नव्या गाड्यांतले प्लग १२ व्होल्टचे नसतात, ४.४ किंवा ७ व्होल्टचे असतात, आणि बॅटरीला लावताच जळतात.

खर्चाचा तपशील असा: निदानाचे ८०० रुपये, चार प्लग ३,६०० रुपये, अर्थिंगची पट्टी ४५० रुपये आणि मजुरी १,२०० रुपये, एकूण ६,०५० रुपये. जुने प्लग आणि जुनी पट्टी पिशवीत घालून परत मिळाली. वहीतल्या दोन्ही सकाळच्या नोंदींच्या पानाचाही त्यांनी मला मोबाइलवर फोटो काढू दिला, आणि मला तरी पक्क्या बिलापेक्षा हा कागद अधिक मोलाचा वाटतो.

आता तक्रारी. निदानाचे ८०० रुपये दुरुस्तीच्या बिलातून वळते होत नाहीत आणि हे आधी स्पष्टपणे सांगितले जात नाही. मला ते बिल बघितल्यावर कळले. रक्कम रास्त आहे, पण ती फलकावर लिहायला काय हरकत आहे? फोन क्वचितच उचलला जातो. गाडी दोन रात्री अडकून पडते, पर्यायी वाहनाची सोय नाही, आणि ज्यांचे दूध किंवा भाजीपाला पहाटे बाजारात न्यायचा असतो त्यांना हे परवडणारे नाही. मोकळ्या जागेला कुंपण आहे पण कॅमेरा नाही, त्यामुळे गाडीत काही मौल्यवान ठेवू नये. सुटे भाग ते साठवत नाहीत. प्लग नाशिकहून येईपर्यंत थांबावे लागले. बसायला एक बाकडे आहे आणि जानेवारीच्या पहाटे त्या बाकड्यावर बसणे ही स्वतंत्र परीक्षा आहे, जरी शेजारच्या टपरीवरचा चहा चांगला असला तरी.

नानांचा स्वभावही सर्वांना मानवेल असे नाही. त्यांच्याकडे येण्याआधी कोणी काय केले यावर ते सडेतोड बोलतात. एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरून ट्रॅक्टर सुरू करण्याची जी रीत आपल्याकडे आहे, तीच कोणीतरी कारवर वापरून आतला पाइप वितळवून आणला होता. त्या गृहस्थांची त्यांनी माझ्यासमोर चांगलीच हजेरी घेतली. एअर क्लीनरमध्ये स्टार्टर स्प्रे मारण्यालाही त्यांचा सक्त विरोध आहे आणि तो योग्यच आहे: तापलेला हीटर प्लग आणि ईथरची वाफ एकत्र आली की सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊन पिस्टनला इजा होऊ शकते.

पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी मी हे गॅरेज विशेष सुचवणार नाही. त्या कामाला ते नाही म्हणत नाहीत, पण त्यात त्यांचे मन नसते. माझ्या शेजाऱ्यांची सीएनजी गाडी थंडीत अडखळत होती; अशा बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, आणि टाकीत महिनोन् महिने पडून राहिलेले दोन लिटर पेट्रोल हे त्यांच्या त्रासाचे नेहमीचे कारण असते. नानांनी ताजे पेट्रोल भरा म्हणून सांगितले आणि पैसे घेतले नाहीत. काम झाले, पण बारकाईने तपासणी झाली असे म्हणता येणार नाही.

मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्यांचे उत्पादन थांबवल्यानंतर लहान डिझेल गाड्या नव्याने फारशा येत नाहीत, आणि रस्त्यावर आहेत त्या वर्षागणिक जुन्या होत आहेत. त्यांचे प्लग, अर्थिंग आणि रबरी रिंगा आता एकाच सुमारास थकू लागल्या आहेत, त्यामुळे निफाड, येवला, चांदवड या पट्ट्यात अशा निदानाची गरज वाढणार हे उघड आहे. जाण्याचा विचार असेल त्यांनी डिसेंबरची वाट न पाहता नोव्हेंबरात, पहिली थंडी पडताच वेळ ठरवावी. फोन न उचलल्यास सकाळी आठच्या सुमारास प्रत्यक्ष जावे, तेव्हा ते हमखास भेटतात. रविवारी गॅरेज बंद असते. जाण्यापूर्वी कोणाला स्कॅनरने कोड पुसू देऊ नयेत, बॅटरी नुकतीच बदलली असल्यास तिची तारीख सोबत ठेवावी, आणि घरी सकाळचा पहिला सेल्फ मारताना मागे उभे राहून कोणाला तरी धुराचा व्हिडिओ काढायला सांगावा. तो व्हिडिओ नाना आधी बघतात, वही नंतर उघडतात.